रॅकवरचा कलश

त्या खोलीत चपला काढून जायचं, हा नियम माझाच होता. आमच्याकडच्या काळ्या रानातली धूळ मैद्याहून बारीक. ती टाचांना चिकटून आत येते, पंख्यांच्या ओढीनं यंत्रांच्या पोटात शिरते आणि तिथं तापली की खापर भाजल्यासारखा वास सुटतो. म्हणून मुरुम गावच्या डेअरीत सर्व्हरची खोली तयार झाली त्याच आठवड्यात मी दारापाशी पायपुसणं टाकलं आणि भिंतीवर कागद चिकटवला : चपला बाहेर काढाव्यात. पण आमच्या लोकांना चपला बाहेर काढायला सांगितल्या की आत कोण बसलंय हे वेगळं सांगावं लागत नाही. महिन्याभरात त्या कागदाशेजारी कुंकवाची बोटं उमटली.

डेअरी गावाबाहेर, रस्त्याला लागून. आसपासच्या खेड्यांतल्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध जमा होतं आणि कुणाच्या दुधाला किती फॅट लागलं याची नोंद इंटरनेटवरून आमच्याकडं येते. ती नोंद सांभाळणारी दोन यंत्रं, म्हणजे सर्व्हर, एका उंच लोखंडी कपाटात एकावर एक बसवलेली आहेत. त्या कपाटाला रॅक म्हणतात. नोंद सर्व्हरवर दिसल्याशिवाय टँकर फाटकाच्या आत घेत नाहीत आणि दूध उतरत नाही. पाहुणे आले की साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, त्यांना काचेतून ती खोली दाखवत आणि ‘आमचं डेटा सेंटर’ म्हणत. मला त्या मोठ्या शब्दाचं कधी हसू आलं नाही. खोली लहान होती, पण ती बंद पडली असती तर अख्ख्या तालुक्याचं दूध रस्त्यावर उभं राहिलं असतं. ती बंद पडू न देणं हे माझं काम होतं. ते माझ्याखेरीज तिथं कुणालाच येत नव्हतं.

मला ती खोली आवडायची. बाहेर आंबूस दुधाचा, डिझेलचा, टाक्या धुण्याच्या सोड्याचा वास. दार लोटलं की तो सगळा मागं राहायचा आणि थंड लोखंडाचा कोरा वास नाकाला लागायचा. पंख्यांचा आवाज वरवर एकसुरी होता. कान देऊन ऐकलं तर वरच्या यंत्राचा पंखा खालच्याहून किंचित मागं राहायचा, आणि त्या अंतरातून ठेका निघायचा, जात्यावर दोघी समोरासमोर बसल्या की निघतो तसा. मी कॉलेजात कविता शिकले. संगणकाचं शिक्षण नंतर, पोटासाठी घेतलं. त्या खोलीत माझी दोन्ही शिक्षणं एका जागी बसत.

साहेबांनी रॅकच्या दारावर लक्ष्मीची तसबीर लावली तेव्हा मी हरकत घेतली नाही. माझ्याही घरी देव्हारा आहे, आणि तसबिरीनं यंत्राचं काही बिघडत नाही. उदबत्ती मात्र बाहेर काढायला लावली, कारण धूर पंख्यांत जाऊन बसतो. उदबत्ती उंबऱ्याबाहेर आली. मग दाराला नवं कुलूप आलं, आणि त्याची किल्ली मावशींच्या चंचीत गेली.

मावशी डेअरीत झाडलोट करत. वय साठीच्या घरातलं, कपाळ मोठं, बोलणं मोठं. किल्ली माझ्याकडं न देता त्यांच्याकडं का, हे मला एका सकाळी कळलं. मी लोहाऱ्याहून, घरून, जीपनं आले होते. जीपमध्ये माझ्या पायांशी कांद्याचं पोतं होतं आणि ओटीपोटात ती ओळखीची कळ. रात्री बॅकअप अडकलं होतं. डिस्क भरत चालली होती. मी दारापाशी चपला काढल्या. मावशींनी चंचीत हात घातला, पण किल्ली बाहेर आली नाही.

“बाई, अडचण न्हाय न्हवं?”

प्रश्न कळला; तो मलाच विचारलाय हे कळायला मात्र क्षण गेला.

“आहे,” मी म्हणाले.

“मग ऱ्हाऊ द्या आज.”

“मावशी, आत काम आहे. आत्ताच करायला पाहिजे.”

“काम कुठं पळून चाललंय? साहेबांनी सांगितलंय, लक्ष्मीची खोली हाय. मला किल्ली दिली ती त्याच्यामुळंच की. माझं सगळं सरलंय. आता मला कावळाबी शिवत न्हाय आन् माणूसबी.”

त्या स्वतःच हसल्या. एरवी मीही हसले असते.

दूध तपासायच्या टेबलावर बसणाऱ्या दोघी मुलींनी मला बाजूला ओढलं. एक कुजबुजली, “मॅडम, खरं कशाला सांगता? आम्ही दोघी इथं लागल्यापासून एकदासुद्धा अडचणीत आलेलो नाही.” दुसरी तितक्याच गंभीरपणे म्हणाली, “डॉक्टरला दाखवायला पाहिजे आता आपल्याला.”

त्यांचं त्यांनी बरोबर केलं होतं. माझ्या जिभेवर खोटं आलंच नाही, एवढंच.

शेवटी आत गेले ते अण्णा. अण्णा आमचे हेडक्लार्क, सीमेलगतच्या गावचे, बोलण्यात कानडीचा हेल. मी बाहेर व्हरांड्यात, काचेला तोंड लावून. ते आत, सर्व्हरच्या कीबोर्डसमोर, एक बोट वर धरून उभे.

“अण्णा, कंट्रोल, आल्ट आणि डिलीट. तिन्ही एकदम दाबा.”

“तीन बोटं लागतेत की हो.”

“लावा.”

“हां, लावली. आता सोडू का धरून बसू?”

“सोडा. काय दिसतंय?”

“तुमचंच नाव दिसतंय. पासवर्ड मागतंय बघा. सांगा.”

व्हरांड्यात दोन ड्रायव्हर चहा पीत उभे होते. सर्व्हरचा पासवर्ड ओरडून सांगायचा नसतो, म्हणून मी तो हाताच्या तळव्यावर लिहिला आणि तळवा काचेवर टेकवला. अण्णा डोळे बारीक करून एकेक अक्षर वाचत होते. माझ्या खांद्यामागून एक ड्रायव्हरही वाचत होता.

“लई अवघड ठिवलाय ओ, मॅडम,” अण्णा आतून म्हणाले. “कुलदैवताचं नाव ठिवा. चोराची हात लावायची हिंमत व्हायची न्हाय.”

सगळे हसले. काच थंड होती. माझा तळवा घामानं ओला झाला होता आणि शाई काचेवर उतरली होती. ज्या यंत्रांची मी एकेक तार माझ्या हातानं ओढली होती, त्यांच्यापासून एका काचेच्या अंतरावर मला उभं केलं होतं. त्या हुकमाची कुठं सही नव्हती, कागद नव्हता. तो एका प्रेमळ म्हातारीच्या तोंडून ‘ऱ्हाऊ द्या’ एवढ्या मऊ शब्दांत आला होता. भांडायचं तर भांडावं कुणाशी? मावशी तर मला बसायला स्टूल आणून देत होत्या.

परतताना जीपमध्ये मी ठरवलं, दाराला वळसा घालायचा. सर्व्हरला हात लावायला खोलीत जावं लागतं हे साहेबांना वाटत होतं, मला नव्हे. दुरून सर्व्हरचा पडदा आपल्या संगणकावर उघडता येतो, आणि आपल्या बोटांनी तिथलं काम इथून करता येतं. त्याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. साहेबांना मी कारण वेगळं सांगितलं आणि तेही खरंच होतं : सणाची सुट्टी, बंद पडलेली एसटी, वादळात पडलेली झाडं. ते लगेच हो म्हणाले.

ते काम मी चांगल्या दिवसांत केलं. चांगले दिवस, हा त्यांचाच शब्द. आधी दोन्ही सर्व्हरवर दुरून येण्याची परवानगी सुरू केली आणि ती फक्त माझ्या नावापुरती ठेवली. मग वाट. ती थेट इंटरनेटवर उघडी टाकली तर जगभरचे चोर रात्रंदिवस कडी वाजवत बसतात. म्हणून व्हीपीएन घातलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी झाकलेली एक खासगी गल्ली, जिच्यात शिरायलाच वेगळी ओळख द्यावी लागते. पासवर्डनंतर फोनवर आकडा येईल आणि तो टाकल्याशिवाय दार उघडणार नाही, अशी सोय केली. अण्णांच्या देखत वीज घालवून पाहिली. यंत्रं आपसूक उठून पुन्हा माझी वाट पाहू लागली तेव्हाच मी जागेवरून उठले. आणि कोपऱ्यात छताजवळ एक कॅमेरा लावला, दिवे कुठले पेटलेत ते घरून दिसावं म्हणून. तो कॅमेरा पुढं मला काय काय दाखवणार होता हे तेव्हा माहीत असतं, तरीही मी तो लावला असता.

पहिल्यांदा घरून जोडले ती संध्याकाळ अजून बोटांत आहे. लोहाऱ्यातलं माझं स्वयंपाकघर, टेबलावर निवडलेली मेथी, तिच्या देठांचा कडवट हिरवा वास, ओट्यावर ज्वारीचं पीठ. आकडा टाकला, पडदा क्षणभर काळा झाला, आणि मग मुरुमचा सर्व्हर माझ्यासमोर उघडला. माऊस हलवला की तिथला बाण श्वासभर उशिरा हलायचा. संध्याकाळच्या दुधाच्या ओळी एकामागून एक उतरत होत्या. नवरा शाळेतून आला, माझ्या मागं उभा राहिला आणि म्हणाला, “म्हणजे तू आता तिथं आहेस की इथं?” मी म्हटलं, “दोन्हीकडं.” मला वाटलं होतं, मी जिंकले.

पुढच्या सोमवारी चहाच्या वेळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. माझ्या कामाचं कौतुक करायचं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. कुणाच्या घरी दुखणं आलं तर गाडी पाठवणारे, आवाज न चढवणारे. चांगल्या माणसाकडून झालेला अपमान जास्त आत जातो, कारण त्याच्याशी भांडताना आपणच वाईट दिसतो.

“मॅडमनी फार मोठी सोय केली,” ते म्हणाले. “सुट्टीची चिंता मिटली. आणि विशेष म्हणजे, महिन्याच्या त्या दिवसांत त्यांनाही अवघडल्यासारखं व्हायला नको, आणि खोलीचंही पावित्र्य राहील. घरूनच करतील. आधुनिकताही सांभाळली आणि संस्कारही.”

टाळ्या वाजल्या. ड्रायव्हर, अण्णा, मावशी, टेबलावरच्या दोघी मुली, सगळ्यांनी वाजवल्या. कपातल्या चहावर साय धरली होती आणि ती माझ्या ओठाला चिकटली. माझ्या शरीराची गोष्ट मला न विचारता चहाच्या टेबलावर ठेवली होती आणि वर माझे आभार मानले होते. ज्या भिंतीला वळसा घालायला मी रस्ता बांधला, त्या रस्त्यालाच त्यांनी भिंतीचा दगड केलं. आता मी ज्या दिवशी घरून काम करीन, तो दिवस कुठला ते फाटकावरच्या वॉचमनलासुद्धा कळणार होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, ही सोय मी त्यासाठी केलेली नाही.”

“पण उपयोग झाला ना?”

“मला त्या खोलीत कुठल्याही दिवशी जाता आलं पाहिजे. ती माझी कामाची जागा आहे.”

“अहो, उलट मी म्हणतो, आता जायचंच कशाला? रोज मावशीनं तुम्हाला विचारायचं, तुम्ही सांगायचं, बरं दिसतं का ते? सगळं दुरूनच करा. तुमचं काम पडद्यावर. खोलीचं मावशी बघेल.”

त्या दिवसापासून माझं आत जाणंच संपलं. मी डेअरीत असले तरी बाहेरच्या टेबलावरूनच सर्व्हरवर जायचे. भिंतीपलीकडच्या यंत्राशी मी लोहाऱ्याला असल्यासारखी वागायचे. पंख्यांचा ठेका भिंतीतून ऐकू येत नसे. कितीदा मान वळवून त्या काचेकडं पाहिलं असेन. माझ्या तळव्याचा शाईचा डाग मावशींनी पुसून टाकला होता.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. कोयते, विळे, ट्रॅक्टर, शिवणयंत्र, जो ज्यावर पोट भरतो त्याला त्या दिवशी हळदकुंकू आणि झेंडूचा हार. मी घरी माझ्या लॅपटॉपला हळदीचं बोट लावलं होतं. मग सवयीनं खोलीचा कॅमेरा उघडला आणि पाहिलं : रॅकच्या डोक्यावर तांब्याचा कलश. काठोकाठ पाणी, त्यात विड्याची पानं, वर शेंडीचा नारळ. रॅकचं डोकं जाळीचं असतं, ऊन हवा वर जायला. त्या जाळीच्या थेट खाली वरचा सर्व्हर.

मी फोन लावला. मावशींनीच उचलला.

“मावशी, तो कलश खाली घ्या. पाणी आहे त्यात.”

“बाई, देवाचं पाणी हाय.”

“देवाचं असलं तरी ओलंच असतं ना?”

“घ्या. आता देवाच्या पाण्याला बी तुमी नावं ठिवा. साहेबांनी स्वतःच्या हातानं मांडलाय. दसरा झाल्यावर उतरवू.”

दसरा झाला. साहेबांना कलश तिथं शोभून दिसला. दिवाळीचं लक्ष्मीपूजन त्याच्याच समोर झालं आणि कलश तिथंच राहिला. मावशी दर शुक्रवारी त्यात पाणी भरून काठ गाठायच्या. मी लेखी कळवलं, तोंडी सांगितलं, कॅमेऱ्यातलं चित्र छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही खोलीत नसता, तरी तुमचं सगळं लक्ष त्या खोलीतच.” हा विनोद होता. खालून पंख्यांची ऊन हवा, वरून एसीची गार. त्या दोहोंच्या मध्ये ठेवलेला नारळ किती दिवस टिकेल हे कळायला ना संगणक लागतो ना देव.

नारळ तडकला तो थंडीतल्या एका संध्याकाळी, केंद्रांवर दूध सुरू असताना. मी घरी होते. पाळीचा दुसरा दिवस, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. पडद्यावर ओळी उतरत होत्या, उतरता उतरता थिजल्या, आणि मधोमध एक चौकट आली : संपर्क तुटला, पुन्हा जोडत आहे. ती पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. कॅमेरा चालू होता. कलशाच्या काठावरून एक चकचकीत रेघ जाळीत उतरत होती आणि रॅकच्या दारावर, तसबिरीच्या अगदी बाजूनं, ओघळ वाहत होता.

मी अण्णांना फोन केला. “मागचं बटण दाबून वरच्या यंत्राची वीज तोडा. आधी कलश उतरवा.”

“कलश? त्याला हात कसा लावू ओ मी? मावशीला बोलावतो. थांबा, ती घरी गेली वाटतं.”

मी पिशवी टाकली आणि जीप धरली. जीपमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर ऊस तोडलेल्या रानात पाचट पेटवलं होतं आणि तो गोड धूर आत येत होता. मी कलशावर रागावले होते, साहेबांवर, टाळ्यांवर. सगळ्यांत जास्त त्या मऊ ‘ऱ्हाऊ द्या’वर, ज्याचं मी इतके महिने ऐकलं होतं.

फाटकावर टँकर उभे होते. दारापाशी साहेब, अण्णा, आणि धावत आल्यानं दम लागलेल्या मावशी. किल्ली हातात होती. त्या माझ्याकडं पाहून थबकल्या.

“बाई...”

“आहे,” मी म्हणाले. “दुसरा दिवस आहे. दार उघडा.”

साहेब म्हणाले, “मॅडम, जरा थांबा. अण्णा आत जातील. तुम्ही इथून सांगा, मागं सांगितलं होतं तसं.”

“अण्णांना कलशाला हात लावायची भीती वाटते. मला वाटत नाही.”

“विषय भीतीचा नाही...”

“सर, बाहेर दूध उभं आहे.”

मी मावशींच्या हातातून किल्ली घेतली. हिसकावली असं त्या नंतर म्हणाल्या, आणि ते खरं आहे. मी चपला काढल्या. धुळीसाठी.

आत आंबलेल्या खोबऱ्याचा वास भरला होता, गोडसर, कुजका. वरचा पंखा मुका झाला होता. खालचा एकटाच चालला होता, आणि ते ऐकवत नव्हतं. मी वीज तोडली. कलश उतरवला, तो अपेक्षेहून जड होता आणि हातांना थंड लागला. नारळावर उभी चीर होती, तिच्यातून उतरलेलं पाणी कलशात मावलं नव्हतं. वरचा सर्व्हर रॅकमधून ओढून झाकण काढलं तेव्हा आतल्या हिरव्या पाटीवर चिकट पांढरट थेंब बसले होते. ते यंत्र मेलं होतं. पण त्याच्या दोन्ही डिस्क कोरड्या होत्या. मी त्या ओढणीच्या टोकानं पुसल्या, खालच्या यंत्रात बसवल्या आणि सगळं काम त्याच्यावर घेतलं. काचेपलीकडं माणसं उभी होती, आणि या वेळी मी आत होते. कुणी काही सांगत नव्हतं. ओळी पुन्हा उतरू लागल्या तेव्हा बाहेर पहिल्या टँकरचं इंजिन सुरू झाल्याचं मला फरशीतून, तळपायांना कळलं.

बाहेर आले तर मी कुलपात ठेवलेली किल्ली परत मावशींच्या चंचीत गेली होती, आणि साहेब अण्णांशी हळू आवाजात बोलत होते. “नारळ असा आपोआप तडकत नसतो. कुणाकडून तरी काही तरी झालं असणार.” मग माझ्याकडं वळून, खरोखरच सौम्यपणे : “मॅडम, मागच्या महिन्यांत तुम्ही कधी चुकून आत गेला होतात का? आठवून बघा.”

माझ्या हातांना अजून तो चिकट वास येत होता. मी इतके महिने त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं, ठेवू दिलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पाणी ठेवलं, मी सांगितलं, ते सांडलं, मी पुसलं. आणि आता तो नारळ माझ्या अंगावर फुटला होता. मी ओढणीला हात पुसले आणि चपला घातल्या. बोलले असते तर ओरडले असते, आणि ओरडलेल्या बाईचं म्हणणं कुणाच्या लक्षात राहत नाही, ओरडणं तेवढं राहतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरून जोडले. उरलेला सर्व्हर नीट चालला होता. मग कॅमेरा उघडला. मावशी आणि अण्णा खोलीत होते. अण्णांच्या हातात तांब्या, मावशींच्या हातात आंब्याचा डहाळा. गोमूत्र. त्या डहाळा बुडवून शिंपडत होत्या, कोपऱ्यांत, फरशीवर, मी उभी होते तिथं, आणि मग, नेमानं, रॅकवर. थेंब चालू यंत्राच्या जाळीवर पडताना दिसत होते. मी जिथं जिथं हात लावला होता तिथं तिथं ते धुऊन काढत होते.

मी फोन केला नाही. साहेबांना एक पत्र लिहिलं, मेलवर, चार ओळींचं : यंत्रांवर द्रव शिंपडला जात असताना त्यांची जबाबदारी मला दुरून घेता येणार नाही. म्हणून दुरून येण्याची वाट मी बंद करत आहे. उद्यापासून रोज समोर बसून काम करीन. खोलीत पाणी, कलश, नारळ असणार नाही.

मग सर्व्हरवरच्या त्या यादीत गेले, जिथं दुरून येऊ शकणाऱ्यांची नावं असतात. तिथं एकच नाव होतं. ते खोडताना यंत्रानं विचारलं, या बदलानंतर तुम्हाला पुन्हा जोडता येणार नाही, पुढं जायचं का? इतक्या दिवसांत मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी ‘हो’ दाबलं. पडदा मिटला. ओट्यावर फोडणी जळायला आली होती. मी उठून गॅस बंद केला.

दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं मुरुमला पोचले. मावशी दारापाशी बसल्या होत्या, चंची मांडीवर. त्यांनी तोंड उघडलं त्याआधीच मी म्हणाले,

“मावशी, तो प्रश्न मला आजपासून विचारायचा नाही. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.”

“मग साहेबांना म्या काय सांगू?”

“सांगा, बाईनं सांगितलं नाही.”

“आन् आज असलं तर?”

“तर असेल.”

खरं बोलून मी इतके दिवस ताठ राहिले असं मला वाटायचं. पण खरं काय आणि खोटं काय, उत्तर दोन्ही वेळेला मी दारात उभी राहून देत होते. त्या दोघी मुली टेबलावरून मान वर करून पाहत होत्या. फाटकावर टँकरनं हॉर्न दिला. सकाळची नोंद कुठं तरी अडकली होती, आणि ती सोडवायला आता दुसरी वाट उरली नव्हती. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात माझं पत्र होतं, छापलेलं. मावशींनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी टँकरकडं पाहिलं.

“उघडा,” ते मावशींना म्हणाले. माझ्याकडं न बघता.

मावशींनी कुलूप काढलं. किल्ली कुलपातच राहिली होती. मी ती काढून घेतली आणि माझ्या घराच्या किल्ल्यांच्या कडीत अडकवली. मावशींचा हात पुढं आलेला होता. तो थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो पदराला पुसला.

चपला मी बाहेर काढल्या.